पाठराखिणीवरचं भाषण

पीएच.डी. झाल्यावर मला वाटलं, आता फक्त नोबेलवाल्यांनी पत्ता विचारायचा बाकी आहे. त्यांनी विचारला नाही. आमच्या आळे गावच्या लोकांनी मात्र शाल-नारळ देऊन सत्कार ठरवला. साल २००३.

देवळासमोरच्या मंडपात मी माईक धरला तो तासभर सोडला नाही. "प्रथिन म्हणजे लांब साखळी," मी सांगत होतो. "तिची नीट घडी बसली तरच ती कामाची. नवी नवरी सासरी जाते तेव्हा सोबत पाठराखीण जाते की नाही? तशी पेशीतही पाठराखीण प्रथिनं असतात. नव्या साखळीला ती भलत्याच्या गळ्यात पडू देत नाहीत, घडी चुकली तर पुन्हा घालायला लावतात. वय झालं की ही राखण कमी पडते. बिघडलेली प्रथिनं मेंदूत साचतात, माणसाचा हात थरथरतो, पाऊल जड होतं. तो पार्किन्सन."

पहिल्या रांगेत माझी आई, साळुबाई. सगळे टाळ्या वाजवत होते, ती उजवा हात पदराखाली घेऊन बसली होती. पोराच्या कौतुकानं भारावली असेल, असं निदान मी व्यासपीठावरूनच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा मागायला आत गेलो तर आई भिंतीला धरून उभी, आणि प्राचीवहिनी तिच्या लुगड्याच्या निऱ्या घालत होती.

"सत्कार माझा, आणि थाट हिचा," मी चेष्टा केली. "निऱ्यांना पण सून लागते आता?"

"भाऊजी, दिवाळीपास्नं मीच घालते," वहिनी म्हणाली. "त्यांचा हात ऐकत न्हाई. तुमाला दोनदा फोन केला व्हता."

फोन आठवला. 'थकवा असेल, टॉनिक द्या' असं सांगून मी प्रबंध लिहायला बसलो होतो. त्यात याच लक्षणांवर चार पानं आहेत. परीक्षकांना ती फार आवडली होती.

आई खाली बघत म्हणाली, "काल माईकवर सांगत व्हतास, ते माझंच व्हतं ना रे?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुण्याच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. गोळ्यांनी हात थोडा सावरेल, पण आजार राहणार. परतताना एसटीत आईनं विचारलं, "त्या पाठराखिणी वाढवायचं औषध निघालंय का?"

तासभर माईक न सोडणाऱ्या विद्वानाला उत्तर द्यायला मंचर ते नारायणगाव लागलं.

"माश्यांवर, उंदरांवर चाललंय, आई. तुझ्यापर्यंत पोचेल असं वाटत नाही."



"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "औषध न्हाई पोचलं तर न्हाई. तू येत जा."