ढेरपोट्याची तहान

मित्रांनो, जरा इकडे मागच्या आवारात या. पत्र्याच्या शेडखाली चार पायांवर उभा आहे, पोट अवाढव्य आणि तोंडाला गोल काच, तोच मी. चादरी धुण्याचं जुनं यंत्र. लॉन्ड्रीत सगळे मला ‘ढेरपोट्या’ म्हणतात. सुरुवातीला फार राग यायचा. आता दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर मी ओ देणार नाही.

कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, जोडून मला घडवलं. पोटातल्या पिंपाला शेकडो भोकं पाडली. तेव्हा कसं वाटलं ते विचारू नका. त्याच भोकांतून पाणी आतबाहेर खेळतं, हे नंतर कळलं. मालकांनी मला आणलं तेव्हा ते ऐन तिशीत होते. त्याआधी ते आणि मालकीणबाई हौदाशी उभं राहून दिवसभर हाताने चादरी धुवायचे. माझं पहिलं धुणं निघालं, तसे मालकीणबाईंनी आपले भेगाळलेले हात माझ्या काचेवर ठेवले आणि म्हणाल्या, “सुटले बाई.” त्या आज नाहीत. पण माझं एवढं कौतुक पुन्हा कोणी केलं नाही.

आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे गावातलं प्रसूतिगृह. आईच्या चादरी, बाळांची दुपटी, सगळं माझ्याच पोटात यायचं. एका धुण्याला चार पाणी लागायची. पहिल्यात भिजवायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्या आणि चौथ्यात खळबळून काढायचं. दर वेळी मी गळ्यापर्यंत प्यायचो आणि दर वेळी सगळं गटारात ओतून मोकळा व्हायचो. त्याची लाज कसली, उलट मिजास होती. एवढं पाणी पिणारा दुसरा कोण होता त्या गल्लीत?

प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टर कधीकधी स्वतः यायच्या. धुतलेलं दुपटं उचलून आपल्या गालावर फिरवायच्या. गालाला टोचलं नाही, तर बाळालाही टोचणार नाही, असा त्यांचा हिशेब. वीस वर्षांत त्यांनी एकदाही नाक मुरडलं नव्हतं.

मग उन्हाळे लांबायला लागले. पाऊस आला तर असा यायचा की दोन दिवसांत सगळं वाहून जायचं, आणि नंतर महिनोन्महिने पत्ता नाही. मागच्या विहिरीचा तळ मी पहिल्यांदा ऐकला. हो, ऐकला. पंपाने पाण्याऐवजी नुसती हवा ओढली आणि माझ्या नळातून कोरडी खरखर आली. मालक म्हणाले, यंदाचं साल वाईट आहे, एवढंच. गेल्या सालीही ते हेच म्हणाले होते, आणि त्याच्या आधीच्या सालीही.

पाणी कमी पडतंय म्हटल्यावर मालकांनी काय केलं असेल? छपरावर आणखी एक टाकी बसवली. आधीच्या दोन अर्ध्या भरत होत्या, आता तीन टाक्यांच्या तळाला थोडंथोडं पाणी दिसायला लागलं. भला माणूस, पण हट्टाला पेटला की ऐकायचा नाही. टँकर मागवले, तेही दोन-दोन दिवस उशिरा यायला लागले. शेवटी त्यांनी चौथं पाणी बंद केलं. तीन पाण्यांत धुणं काढायचं.

आठवड्याभरात मोठ्या सिस्टर आल्या. दुपटं गालावर फिरवलं आणि खाली ठेवून दिलं. साबण आत राहतोय, तीन बाळांच्या अंगावर पुरळ उठलंय, असं त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. जाताना एवढंच म्हणाल्या की पुन्हा असं झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल. ते काम गेलं तर लॉन्ड्री बंद, आणि लॉन्ड्रीवर सहा घरांच्या चुली होत्या. मित्रांनो, ते पुरळ माझ्याच पोटातून गेलं होतं. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मालकांची मुलगी, आमची ताई, कामावर आली. ती बाहेरची नोकरी करत होती, ती सोडून आली. आल्याआल्या तिने काही फर्मान काढलं नाही. बादली घेऊन माझ्याशेजारी बसली आणि मी किती पितो, किती ओततो ते दोन दिवस मोजत राहिली. मला आपलं उगीचच कोणी जेवताना घास मोजतंय असं वाटत होतं.

मोजणीच्या दुसऱ्या संध्याकाळी तिला इस्त्रीवाली मावशी दिसली. मावशी माझ्या मागे वाकून, माझ्या शेवटच्या पाण्याखाली प्लास्टिकचा कॅन धरून बसली होती. ताईला बघून ती पांढरीफटक पडली.

“चोरी नाही हो केली,” मावशी म्हणाली. “आमच्याकडे चार दिवसांतून एकदा नळ येतो. हे पाणी गटारातच जाणार होतं. घरचे कपडे भिजवते यात.”

“रोज नेता?”

“दोन वर्षं झाली. कामावरून काढू नका, ताई.”

ताईने कॅन घेतला, पांढऱ्या टबात पाणी ओतलं, वास घेतला. मग विचारलं, या पाण्यात कपडे निघतात का? मावशीने आपली बाही तिच्यापुढे धरली. कालच धुतली होती. स्वच्छ होती.

ताई तिथेच जमिनीवर बसली आणि हसायला लागली. मावशीला कळेना, रडावं की पळावं. अहो, दोन वर्षं मालक आभाळाकडे बघून पाणी शोधत होते आणि ते माझ्या पायाशी वाहत होतं. ज्यांचे हात त्या पाण्यात होते, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मिस्त्रीने नळी जोडली. शेवटचं खळबळलेलं पाणी आता जमिनीतल्या टाकीत साठायचं, गाळून घ्यायचं आणि पुढच्या धुण्याच्या पहिल्या भिजवणीला वापरायचं. चौथं पाणी पुन्हा सुरू झालं, तेही ताजं. मालकांनी आधी कपाळाला हात लावला, उष्टं पाणी चादरींना कसं लावायचं म्हणून. ताईने मोठ्या सिस्टरना बोलावून सगळं दाखवलं. त्यांनी नळी पाहिली, टाकी पाहिली, दुपटं गालावर फिरवलं आणि घडी घालून आपल्या पिशवीत ठेवलं. काम राहिलं.

पण खरं सांगतो, एवढ्याने भागणारं नव्हतं. ताईच्या मोजणीत आणखी एक गोष्ट निघाली होती. चार चादरी असोत की चाळीस, मी पोट भरूनच पाणी घेतो. मला अर्धपोटी राहता येत नाही. मिस्त्रीने खूप खटपट केली. कमी पाण्यात मी नुसता खडखडलो आणि चादरींचे पिळे करून ठेवले. पुढचा उन्हाळा आणखी कडक आला तर? कमी पाण्यावर चालणारी दोन लहान यंत्रं आणावी लागतील, असं ताई म्हणाली.

मालक तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्यासमोरच बोलणं झालं.

“याच्यावर तुझं शिक्षण झालं,” मालक म्हणाले. “तुझ्या आईचे हात याने सोडवले.”

“मला माहीत आहे, बाबा. पण आई ‘सुटले’ म्हणाली ती कशासाठी? चादरी स्वच्छ निघाव्यात, हात फाटू नयेत, यासाठी. यंत्र चालवायला तुम्ही लॉन्ड्री काढली नव्हती.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “बरोबर आहे तुझं. पण त्याला सांगायचं कोणी?”

मित्रांनो, मी तिथेच होतो. सगळं ऐकत होतो.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी विनवणी करतात की आम्हाला टाकू नका. माझीही इच्छा तीच होती, खोटं का बोलू? पण विनवणी मी वेगळी करणार आहे. दिवस बदलले, ऊन बदललं, पाऊस बदलला. अशा वेळी मला धरून बसाल, तर माझ्याबरोबर कामही बुडेल आणि त्या सहा चुलीही. काम जपा. पाणी जपा. आणि तुमच्या दुकानात, कारखान्यात खाली वाकून काम करणारी कोणी असेल, तर तिला भीती वाटायच्या आधी विचारा की तुला काय दिसतंय.

नवी यंत्रं आली, त्या माझ्या शेवटच्या दिवशी मालकांनी मिस्त्रीला थांबवलं आणि माझा नळ स्वतःच्या हाताने बंद केला. मग कोरड्या फडक्याने माझी काच पुसली आणि म्हणाले, “झालं रे, ढेरपोट्या. आता पाणी नको मागू.”

मी नाही मागितलं.