बोटभर चढ

मी एक जुना पाय आहे, आणि भरल्या मांडवात मी चंद्रावतीबाईंना हळदीच्या परातीत पाडलं.

मित्रांनो, असं काही झालंच नाही. वरची ओळ मी सांगितली नाही, तुम्ही वाचली नाही. आपण रीतीप्रमाणे जन्मापासून सुरुवात करू.

माझा जन्म नवीन पनवेलमध्ये, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर झाला. एका बाजूला योगवर्ग, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना, मध्ये मी. माझा निर्माता निनाद. इंजिनिअर, अविवाहित, दोन्ही पाय स्वतःचे. त्याचं म्हणणं असं, की माणूस काही एकाच जमिनीवर चालत नाही. कधी बांध, कधी जिना, कधी चिखल, कधी पालिकेने खणून ठेवलेला रस्ता. मग नकली पायानेच सगळीकडे सारखं का चालावं? म्हणून त्याने माझ्या घोट्यात मोटर बसवली आणि तळव्यात जमिनीचा कल ओळखणारं यंत्र. उतार लागला की मी आवरून धरायचं. चढ लागला की मागून ढकलायचं. बोलायची सोय मात्र ठेवली नाही. बॅटरी संपताना ‘टूं’ करता येतं, तेवढंच माझं वक्तृत्व.

दारावर पाटी होती, ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. धूळ यंत्रांना वाईट म्हणून निनाद आत मोज्यांवरच वावरायचा. बूट घातलेला असा तिथे मी एकटा. माझा बूट दुकानातून थेट आत आला होता, त्यामुळे त्याला पादत्राण असं कुणी मानलंच नाही. तो माझाच अवयव धरला गेला. चाचणीला आलेल्या माणसाबरोबर बाहेरून चालून आलो की ओल्या फडक्याने माझा बूट पुसत, जसं लहान मुलाचं तोंड पुसतात. मला मोठा अभिमान वाटायचा. तुम्ही मात्र ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आम्ही कुणी ठेवली नाही.

मग माझ्या आयुष्यात चंद्रावतीबाई आल्या. पळस्प्याच्या अलीकडच्या एका गावातल्या. त्यांचा उजवा पाय रस्ता ओलांडताना टेम्पोखाली गेला होता आणि त्या कुबडी घेऊन चालत. बाई धवलारीण होत्या. आमच्या भागात लग्नाला धवले गातात. गाणारी बाई एकेका देवाला नाव घेऊन हळदीला बोलावते, आणि देव संपले की घरातली मेलेली माणसं बोलावते, आजे, पणजे, सगळी. धवलारणीने नाव घेतलं तरच ती येतात. बोलावल्याशिवाय यायला मेलेली माणसं काही लाजबिज सोडत नाहीत.

बाई धवले उभ्याने गायच्या, हातात दिवा धरून, नवरीभोवती फिरत. दिव्याला दोन हात लागतात, कुबडीला एक. हे गणित जमेना म्हणून त्या निनादकडे आल्या.

“मना पलायचं नाय,” त्या म्हणाल्या. “मना नवरीभोवती फिरायचंय. माज्या भाच्याची पोर हाय, मनस्वी. तिची आई मनिषा दोन सालांमागं गेली. तिचं नाव कोन घेनार? डीजेवाला?”

“काकू, हा पाय डोंगर चढेल,” निनाद म्हणाला.

“डोंगरावर माजं कोन हाय?”

तरी त्यांनी मला लावलं. मी त्यांना बांधावर चालवलं, उड्डाणपुलाच्या चढावर चालवलं, भाजीबाजारातल्या निसरड्यावर चालवलं. एकदाही घसरू दिलं नाही. गावात माझं नाव झालं. नऊवारीखालचे पांढरे बूट बघायला पोरं मागे यायची.

घरी मात्र माझा मुक्काम चपलांच्या रॅकवर. बाई ओट्यावर बसायच्या, बूट काढायचा कंटाळा म्हणून बुटासकट मलाच काढायच्या, आणि कुबडी घेऊन आत जायच्या. मी स्लीपरच्या आणि पावसाळी सँडलच्या मधोमध. जगातला बहुधा मी एकच पाय, जो चपलांमध्ये राहत होता. अशा रीतीने मी कित्येक मैल चाललो आणि उंबरठ्याच्या आत एक पाऊलही टाकलं नाही.

हळदीचा दिवस उजाडला. धनेश, म्हणजे बाईंचा भाचा आणि नवरीचा बाप, जमिनीच्या व्यवहारातला माणूस. त्याला सगळं लवकर उरकायचं असतं.

“आत्ये, उभी कशाला ऱ्हातेस? खुर्ची देतो, पाच मिन्टात आटप. डीजेवाला खोळंबलाय.”

“खुर्चीत बसून देव बोलवू? देव काय तुजा प्लॉट बगायला येतात?”

मांडवात हशा झाला. बाई पुढे झाल्या, नवरीभोवती रांगोळीने काढलेल्या चौकाच्या कडेला थांबल्या, आणि खाली वाकून त्यांनी माझा बूट काढला.

मित्रांनो, बुटाला टाच असते. बोटभर. त्या बोटभर टाचेवरच माझं सगळं शिक्षण झालेलं. बुटाची टाच गेली, माझी टाच खाली बसली, बोटांकडची बाजू वर झाली, आणि माझ्या यंत्राने ठामपणे सांगितलं, समोर चढ आहे. पाहिलं तर शेणाने सारवलेली सपाट जमीन, रांगोळी, पाटावर नवरी. पण मला डोळे कुठे? मला कल कळतो. कल म्हणत होता डोंगर.

बाईंनी दिवा घेतला. आवाज लावला. गणपती आला, गावदेवी आली, एकवीरा आली. त्या हळूहळू पावलं टाकत होत्या, आणि मी प्रत्येक पावलाला मागून थोडं ढकलत होतो. त्यांना वाटलं, अंगात आलंय. मग आजे आले, पणजे आले. मनस्वीने मान वर केली, कारण आता तिच्या आईचं नाव येणार होतं. बाईंनी श्वास घेतला आणि मोठं पाऊल टाकलं.

मी कर्तव्य केलं. डोंगर चढायला लागते तेवढी सगळी ताकद लावली.

पुढचं तुम्ही वाचलेलं नाही असं आपलं ठरलं आहे. दिवा विझला. हळद बाईंच्या केसांपर्यंत गेली. मोबाइल वर झाले. धनेशने हात केला आणि डीजेवाल्याने गाणं लावलं. मनिषाचं नाव बाईंच्या तोंडातच राहिलं.

आठवड्याने निनाद आला. मला तारा लावून माझी नोंद बघितली आणि गोंधळला.

“काकू, मांडव डोंगरावर होता का?”

“मांडव आंगनात व्हता.”

“मग हा चढ कसला? बूट नवीन घेतलात?”

“मांडवात बूट? हलदीला? तू देवासमोर घालशील का रं?”

निनादने खाली बघितलं. तो मोज्यांवर होता. बराच वेळ तो मोज्यांकडेच बघत राहिला.

मग त्याने माझ्या टाचेखाली रबराचा तुकडा चिकटवून आणला. बाईंनी तो बघितला. “खाली कायतरी लावलंस म्हंजे चप्पलच ती. देवाला काय कलत नाय?” अनवाणी चालणं शिकवायचं तर घोटा नवा लागतो, आणि निनाद आता पुढच्या पायात गुंतलाय. त्याला म्हणे वाळवंटही कळणार आहे. पनवेलला त्याचा फार उपयोग होईल.

त्या मोसमात बाईंना एकाही हळदीचं बोलावणं आलं नाही. तो व्हिडिओ मात्र सगळ्यांकडे आला.

मग मनस्वी माहेरी आली. बाई तिला भेटायला निघाल्या, मला लावून, बूट घालून. धनेशच्या दारात पोचल्या आणि थांबल्या. कुबडी घरी राहिली होती. आत जायचं तर बूट काढायचा. बूट काढला तर मी पुन्हा डोंगर चढणार.

“आजी, आत ये ना.”

“नको. इथंच बरी.”

मनस्वी उंबरठ्याच्या आत उभी, बाई बाहेर.

“आजी, माझ्या आईला बोलावलंच नाहीस तू.”

बाईंनी पदर सारखा केला. दिवा नव्हता, त्यांनी रिकामीच ओंजळ धरली. आणि जिथे तुटलं होतं तिथून गाणं उचललं. मनिषाचं नाव घेतलं, माहेरचं गाव घेतलं, ये म्हणून सांगितलं. मी खांबासारखा उभा होतो. टाच होती, जमीन सपाट होती, आणि तसं मला सांगण्यातही येत होतं. माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सर्वांत चांगलं काम, आणि ते दाराबाहेर झालं. मनस्वीने वाट बघत अंगणाकडे नजर लावली. आई आली की नाही ते मला माहीत नाही. तळव्याला तसा कुणाचा भार जाणवला नाही.

बाई आत न जाताच परतल्या. मी पुन्हा रॅकवर आहे. मित्रांनो, आपल्या वस्तूंना सगळं शिकवा, उंबरठ्याच्या आतलंसुद्धा. आणि हे पत्र कुणी पोचवत असाल तर पोचवा.

प्रति, माननीय संबंधित अधिकारी. विषय: जमीन वर उचलून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, पनवेल तालुक्यातील सर्व घरे, देवळे व मांडव यांतील आतली जमीन टाचेच्या बाजूने बोटभर उंच करण्यात यावी. श्रीमती चंद्रावतीबाई ज्या दिशेस तोंड करतील, त्याच्या मागील बाजूची जमीन तत्काळ उचलण्यात यावी व त्या वळल्यास त्यानुसार फिरवण्यात यावी. सदर काम हळदीच्या पुढील मोसमाआधी पूर्ण व्हावे, कारण बऱ्याच घरची माणसे बोलावण्याची वाट पाहत बाहेर उभी आहेत. कळावे. आपला विश्वासू, उजवा पाय. मुक्काम चपलांचे रॅक, वरून दुसरा कप्पा.