ओल

प्रेमराजच्या केळीच्या बागेत शिरण्याआधी जीवरामनानांनी बांधावर चपला काढल्या. मागून आलेल्या त्यांच्या बायकोने, धुरपदाबाईंनी, त्या उचलून हातात धरल्या.

"नका काढू म्हनलं नं मी?"

"चपला घालून ओल कशी समजीन?" नाना मागे न बघता म्हणाले.

यावलच्या त्या शिवारात नानांचा तळवा म्हणजे शेवटचा शब्द. ठिबक आलं, मोटार मोबाईलवर चालू व्हायला लागली, तरी लोक बोलवायचेच, "नाना, पाय टाका जरा." नाना अनवाणी चार पावलं चालत आणि सांगत, पाणी सोड किंवा राहू दे. पुढे लोक निवांत.

एरवी नानांइतका गुणी रोगी जळगावच्या डॉक्टरांनी क्वचितच पाहिला असेल. गोळ्या वेळेवर, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर बेताची, पंगतीत बसले तरी बुंदीला हात नाही. साखर ताब्यात होती. पण ती कळली उशिरा, तोवर पाय बधिर झाले होते. गेलेली जाणीव परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. आता अनवाणी चालू नका, रोज तळवे बघा. नानांनी सगळं ऐकलं, एवढं सोडून. धुरपदाबाई त्याला जित्याची खोड म्हणत. खोड कसली, भीती होती ती. चपला घातलेल्या जीवरामला कोण बोलावणार होतं?

नाना ओळीतून चालत गेले, मागोमाग प्रेमराज आणि धुरपदाबाई. वाळक्या पानांखाली तुटक्या नळीचं टोक वर आलेलं होतं, ते कुणालाच दिसलं नाही. थोडं पुढे जाऊन नाना थांबले, केळीला धरून पाय उचलला आणि न बघताच तळव्यावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. त्यांचा चेहरा उजळला.

"हाये. चांगली ओल हाये. आज पानी नको."

प्रेमराजने खाली पाहिलं. माती भुरभुरीत होती. वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगावं, ते त्याला सुचेना.

"प्रेमराज, मोटार चालू कर," धुरपदाबाई म्हणाल्या. "ओल नही हाये."

चारचौघांत त्यांनी नानांचा शब्द कधी तोडला नव्हता. नाना संतापून वळले. धुरपदाबाईंनी नानांचं बोट धरलं आणि त्यांच्याच डोळ्यांसमोर नेलं.

नाना ते लाल बोट बघत राहिले.

"दुखत नही वं," ते हळूच म्हणाले.

दुखलं असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटून धुरपदाबाईंना रडू फुटलं. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली आणि प्रेमराजच्या धुतल्या रुमालाने बांधली.

"आता हिले बोलावत जाय," नाना प्रेमराजला म्हणाले. "हिचे पाय चांगले हायेत."

ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

दवाखान्यात न्यायला प्रेमराज गाडी काढायला पुढे गेला. नाना चपला घालून, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून निघाले. बांध ओलांडल्यावर ते थांबले. मान ताठ, नजर समोर.

"चप्पल हाये का पायात?"

धुरपदाबाईंनी वळून पाहिलं. एक चप्पल मागे मातीत पडली होती. त्यांनी ती आणली, खाली वाकून नानांच्या पायात सरकवली आणि पट्टा ओढून लावला.

"हाये," त्या म्हणाल्या.