एकाच बाजूने नटलेली होडी

मी होडी बोलतेय. दचकू नका. आजवर माझ्यात बसून माणसं इतकी बोलली, की मला मध्ये तोंड घालायला जागाच मिळाली नाही.

एका चिडक्या सुताराने मला घडवलं. प्रत्येक फळीला तो शिव्या घालायचा, पण सांधा असा बसवायचा की पाण्याचा थेंब आत येणार नाही. मग मालक मला नदीवर घेऊन आले. सकाळी शाळेची मुलं, दुपारी भाजीच्या टोपल्या, संध्याकाळी घरी परतणारे लोक. ज्यांना पोहता येत नसे, ते सगळ्यांत जास्त सूचना करत.

पुढे नदीवर पूल झाला आणि लोक मला साफ विसरले. एक मांजरी तेवढी माझ्या बाकाखाली व्याली. बाकी दिवसभर मी धक्क्याला बांधलेली.

एक दिवस एक हॉटेलवाला आला. त्याने मला टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "दारात ठेवतो, माती भरून फुलझाडं लावतो. झकास दिसेल!"

माती? माझ्यात?

मालकांचंही मला द्यायला मन होईना. ते म्हणाले, "सुट्टीत होड्यांची मिरवणूक आहे. सगळ्या दिवे लावून निघतात. लोकांना ही आवडली, सहलीला माणसं मिळाली, तर ठेवतो. नाहीतर घेऊन जा."

झालं! अख्खं घर कामाला लागलं. मालकांचे सासरे निवृत्त वायरमन. जन्मभर त्यांनी घरांवर रोषणाई केलेली. धक्क्यावर खुर्ची टाकून ते हुकूम सोडू लागले.

"जावईबापू, सगळ्या माळा दर्शनी बाजूला लावा. चांगल्या दाट! मागच्या भिंतीकडे कोण बघतंय?"

सासऱ्यांपुढे बोलायची मालकांची काय बिशाद! मी नेहमी उजव्या कुशीने धक्क्याला टेकलेली, म्हणून उजवी बाजू दर्शनी ठरली. मालकीणबाईंनी लाल, पिवळ्या, निळ्या माळा अशा काही गुंडाळल्या की मला गुदगुल्या झाल्या. बॅटरी जोडली आणि मी झगमगले. शेजारच्या लाँचकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

अंधार पडला. सासरेबुवांसकट सगळे माझ्यात बसले. मिरवणूक निघाली, पण नेमकी उलट्या दिशेला. मालकांनी मला वळवलं आणि काठावरच्या गर्दीकडे माझी डावी बाजू आली. काळीकुट्ट! नदीपलीकडे ओसाड माळ. माझा सगळा थाट तिथले बेडूक बघत होते.

"अहो, फ्यूज उडाला वाटतं तुमचा!" काठावरून कुणीतरी ओरडलं.

"माझ्या वायरिंगचा फ्यूज?" सासरेबुवा ताडकन उठले आणि मी डुगडुगले.

गर्दीत तो हॉटेलवाला हाताची घडी घालून हसत उभा होता. मला रडू येत होतं.

"अहो, वळवा तिला!" मालकीणबाई म्हणाल्या.

"वळवली तर मिरवणूक एकीकडे आणि आपण दुसरीकडे!"

"मग वळवा आणि मागे मागे चालवा ना!"

मालकांनी मला गर्रकन फिरवलं आणि इंजिन रिव्हर्समध्ये टाकलं. उजवी बाजू काठाकडे आली. पण उलटं चालायची सवय कुणाला? सुकाणू ऐकेना, मी झोकांड्या खाऊ लागले. मागून येणारी लाँच आणि मी आता समोरासमोर. ती बिचारी इतकी गोंधळली की भोंगाच वाजवत सुटली. तोल जाऊन सासरेबुवा माळांत अडकले आणि तेही निळे-पिवळे लुकलुकू लागले.

लोकांना वाटलं, हे सगळं ठरवूनच केलंय! टाळ्या, शिट्ट्या, नुसता जल्लोष!

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर ही रांग. "ती उलटी जाणारी होडी हीच ना? आम्हाला तसंच न्या!" रांगेत हॉटेलवालाही होता, बायकामुलांना घेऊन.

तेव्हापासून मी उलटीच चालते. मालक सरळ न्यायला लागले की लोक कुरकुरतात. मालकीणबाईंनी डाव्या बाजूसाठी माळा आणल्या, तर सासरेबुवा कडाडले, "खबरदार! धंदा बसवाल!"

खरं सांगू? मान अवघडते हो. पुढे काय येतंय ते दिसत नाही, पुलाच्या खांबाला दोनदा धडकले. म्हणून एक विनंती आहे. कधी बसायला आलात, तर मालकांना हळूच म्हणा, "आज सरळ घ्या." तसं म्हणाला नाहीत तरी राग नाही. उलटी का होईना, मी पाण्यात आहे.