दोन हौसा

"सोड माजं केस, सटवे!" गुणाबाई ओरडली आणि समोरच्या हौसाला ठोसा हाणला. ठोसा हवेतून गेला, कारण ती हौसा तिथे नव्हतीच. खरी हौसा वीतभर बाजूला होती आणि केस तिच्याच मुठीत होते.

पनवेलच्या मासळी बाजारात याच ओट्यावर बसल्या बसल्या, पावसाळ्याआधी, गुणाबाईच्या डोक्यात एक रक्तवाहिनी फुटली होती. मेंदूभोवती रक्त पसरलं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण उजवा डोळा फिरवणारी नस लुळी पडली. आधी पापणीही मिटलेली होती, तोवर सगळं एकेकच दिसत होतं. मग पापणी उघडली. डॉक्टरांनी अभिनंदन केलं. तेव्हापासून तिला सगळं दोन दोन दिसायला लागलं. ओटा मात्र एकही उरला नव्हता. त्यावर धाकटी जाऊ हौसा बसली होती.

डॉक्टरांनी डोळ्यावर लावायला पट्टी दिली होती. पण बोहनीला एका डोळ्याची बाई दिसली की गिऱ्हाईक वाट बदलतं, म्हणून पट्टी घरीच राहिली. आणि नुसता एक डोळा मिटणं तिला तरुणपणीही जमलं नव्हतं.

"ओटा तुजा व्हता, बाय," हौसा केस ओढत म्हणाली. "पन आता दिसतंय काय तुला?"

"दिसतंय! दोन दोन थोबाडं दिसतान तुजी. एकच सोसवत नव्हतं!"

गुणाबाईने डाव्या तळव्याने उजवा डोळा झाकला. एक हौसा नाहीशी झाली. उरलेलीला तिने मोकळ्या हाताने, बर्फातला रावस शेपटीला धरून, तोंडावर हाणला. मग कानावर. ओठ फाटला, दात निखळला, बर्फ लाल झाला. शेजारची मालू सोडवायला आली. निःपक्षपातीपणे तिलाही एक बसला. हौसा ओट्याखाली कोसळली.

"बस! मर तितंच!" ती रक्त थुंकत म्हणाली.

गुणाबाई बसली. नवीन पनवेलचा एक गृहस्थ धीर करून पुढे आला.

"मावशी, सुरमई. तुकड्या पातळ करा हं."

कापायला दोन हात लागतात. तिने डोळ्यावरचा तळवा काढून सुरमईवर ठेवला. पाटावर दोन सुरमया, दोन डावे हात. कोयती वर गेली, खाली आली आणि करंगळीला चाटून लाकडात रुतली.

तिने कोयती उपटली. थोडा वेळ तशीच धरली. मग कोयतीची मूठ हौसाकडे केली.

"पातल काप. जाड कापशील तं आनखी एक दात पाडीन."

हौसा पदराने ओठ दाबत वर चढली. गुणाबाई ओट्याच्या कडेला सरकली, डोळा झाकून घेतला आणि दुसऱ्या हाताने सुरमईवरच्या माश्या हाकलू लागली.