चि-नो-मिचीचं वारं

जपानातल्या ओजिमाच्या वसाहतीतली तळमजल्यावरची सभेची खोली रविवारी दुपारी बायकांनी गच्च भरली होती. खिडक्या बंद, उदबत्तीचा धूर, आणि मधोमध बसलेली नुपूर भात्यासारखा श्वास ओढत होती. बघता बघता तिची बोटं एकमेकांना चिकटली, अंगठे तळव्यात वळले, मनगटं वाकली आणि ती एका अंगावर कलंडली.

"मुद्रा लागली," विभामाई म्हणाल्या. "चि-नो-मिची उघडली. चि म्हणजे चैतन्य, मिची म्हणजे मार्ग. आपल्या आज्या ज्याला देवीचं वारं म्हणायच्या, तेच या जपान्यांनी कधीचं ओळखलंय. आता विचारा काय विचारायचं ते."

बायकांनी हात जोडले. साध्यासुध्या नव्हेत हो, पुण्या-मुंबईच्या शिकल्यासवरल्या बायका, दिवसभर कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या. एकीने व्हिसाचं विचारलं, दुसरीने नवऱ्याच्या बढतीचं. नुपूर पडल्या पडल्या काहीतरी पुटपुटली आणि विभामाईंनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला.

दाराशी उभ्या असलेल्या अनुराधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्यात अकरा वर्षं नर्सची नोकरी केलेली बाई ती. इथे म्हाताऱ्या माणसांच्या डे-केअरमध्ये काम करायची. तिथून थकून यावं आणि घरच्या वाटेवर हा तमाशा बघावा, असा तिसरा रविवार होता.

सुरुवात झाली महिन्याभरापूर्वी. लिफ्टपाशी नुपूर चक्कर येऊन पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या मोरिता-सान तिथेच होत्या. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि कळवळून म्हणाल्या, "अगंबाई, चि-नो-मिची." शेजारी विभा उभी होती. तेव्हा ती नुसतीच विभा होती, ऑनलाइन ध्यानाचा कोर्स केलेली. तिने तो शब्द झेलला, त्याला शेंदूर फासला आणि आठवड्याभरात विभाची विभामाई झाली.

डॉक्टरांनी मात्र नुपूरचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एवढं रक्त जातंय कुठे ते बघायला येत्या मंगळवारी पुढची तपासणी ठेवली. यावर विभामाईंचं म्हणणं, लोखंडाने मार्ग जड होतो. झालं, नुपूरने गोळ्या बंद केल्या. आणि हीच नुपूर रोज सकाळी तीन वर्षांच्या तन्वीला सायकलवर मागे बसवून, भर रहदारीतून पाळणाघरात सोडायला जायची.

मध्ये चहाची सुट्टी झाली तेव्हा अनुराधाने तिला बाहेर गाठलं.

"मंगळवारी जाणार आहेस ना?"

"नाही, ताई. रद्द करते उद्या फोन करून."

"अगं, उभ्या उभ्या पडतेस तू. सायकलवर पडलीस तर तन्वीचं काय?"

नुपूर जिन्याच्या पायरीवर बसली. ओठ पांढरेफटक होते. "तुम्हाला खरं सांगू? तीन वर्षं मी नवऱ्याला सांगतेय, लवकर ये, मला एकटीला झेपत नाही. त्याला ऐकूच जायचं नाही. देवीने सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी सात वाजता घरात हजर. मग देवी खोटी कशी?"

अनुराधाला तिचा राग आला, आणि तिच्या नवऱ्याचा, उदयचा, त्याहून जास्त आला. तिने पायात चप्पल सरकवली आणि तरातरा तिसरा मजला चढून मोरिता-सानांचं दार वाजवलं.

दहा मिनिटांनी त्या काठी टेकत खोलीत आल्या. बायकांनी उठून जागा दिली. विभामाईंना तर हर्षच झाला. साक्षात चि-नो-मिचीचा उगम चालत आला होता.

"मोरिता-सान, या शब्दाचा अर्थ सांगाल?" अनुराधाने जपानीत विचारलं, आणि त्यांचं बोलणं मराठीत सांगत गेली.

"चि म्हणजे रक्त. रक्ताची वाट. जुना शब्द आहे, आता कुणी वापरत नाही. माझी सासू सारखी म्हणायची. पाळी, बाळंतपण, पाळी जाणं, त्यात बाईला भोवळ आली, डोकं दुखलं, रडू आलं, की चि-नो-मिची. एकदा ते नाव दिलं की पुढे कुणी काही विचारायचं नाही. बायकांचं असतंच, म्हणायचे. माझ्या थोरल्या बहिणीला बाळंतपणानंतर भोवळ यायची. रक्त थांबत नव्हतं. घरचे म्हणाले, चि-नो-मिची. डॉक्टर आला तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवशी ही मुलगी पडली आणि माझ्या तोंडून तोच शब्द गेला. चुकलंच माझं."

विभामाईंनी घसा खाकरला. "हा वरवरचा अर्थ झाला. गूढार्थ निराळा असतो. आणि मुद्रा? ती काय खोटी?"

"मुद्राच ना? मी लावून दाखवते," अनुराधा म्हणाली आणि बसकण मारली. "फक्त मंत्र मी सांगेन तो. सगळ्यांनी म्हणायचा. सोमवार-गुरुवार जळणारा कचरा, बुधवारी बाटल्या-डबे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग कुणीतरी खुदकन हसलं आणि कचऱ्याचं वेळापत्रक आरतीच्या चालीत सुरू झालं. अनुराधा जोरजोरात श्वास ओढत राहिली. तीन-चार मिनिटांत तिचे ओठ बधिर झाले, हातांना मुंग्या आल्या, अंगठे आत वळले, बोटं जुळली. हुबेहूब तीच मुद्रा. बायका पुढे सरकून बघू लागल्या.

श्वास ताळ्यावर यायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "ही कुठली देवी, कचरादेवी? अगं बायांनो, फार भराभर श्वास घेतला की अंगातला कार्बन डायऑक्साइड नको तेवढा बाहेर जातो. डोकं फिरतं, बोटं वळतात. कुणाचीही वळतील. तुमची, माझी, माईंच्या नवऱ्याची. आणि हिच्या अंगात तर आधीच रक्त नाही, ती लगेच आडवी होते. एवढंच आहे त्यात."

विभामाई उदबत्त्या आवरू लागल्या. चार बायका मात्र त्यांच्याच बाजूला सरकल्या; श्रद्धेची चेष्टा बरी नव्हे, असं त्यांचं म्हणणं. आता काय बोलणार, कपाळ.

तेवढ्यात दार उघडून उदय आत आला, तन्वीला कडेवर घेऊन. "काय, आज देवी काय म्हणाली?"

"देवी नाही, मी म्हणतेय," नुपूर म्हणाली. "मंगळवारी मला तपासणीला जायचंय. तू रजा घे."

"मंगळवारी? अगं, क्लायंट येणार आहेत." आणि हा शिकलेला शहाणा वळला कुणाकडे, तर विभाकडे. "माई, तुमचं काय मत?"

अनुराधाने दात-ओठ खाल्ले, पण बोलली नुपूरच.

"माईंना विचारू नकोस. दुखणं माझं आहे. मला विचार."

उदयने तन्वीला खाली उतरवलं. "काय होतंय तुला?" त्याने विचारलं. नुपूर सांगायला लागली आणि बराच वेळ सांगत राहिली. सोमवारी त्याने ऑफिसात रजा टाकली.

तर मंडळी, घरातली बाई भोवळ येऊन पडली तर त्या पडण्याला नावं देत बसू नका, मराठीतलं नको आणि जपानीतलंही नको. तिला काय होतंय ते तिला विचारा, आणि डॉक्टरकडे घेऊन जा.