डोळे मिटून जोडणी

आमच्या कारखान्यात ताईचा एक नियम होता. नवा नमुना तयार झाला की तो तिने स्वतः डोळे मिटून जोडायचा. जमलं तर पास, नाहीतर साचा मोडीत. कारखाना म्हणजे तरी काय, दोन खोल्या आणि मागे साच्यांचं यंत्र. मुलांनी हातांनी जोडायचे कॉम्प्युटर आम्ही बहीणभाऊ बनवायचो. बॅटरीचा ठोकळा, मेंदूचा, पडद्याचा, बटणांचा. ठोकळे एकमेकांत खटकन बसले की एकदा भोंगा वाजून कॉम्प्युटर सुरू. मग मुलाने आपला प्रोग्रॅम लिहून दिवा लावायचा, नाहीतर भोंगा वाजवून वर्गाचं डोकं उठवायचं. आखणी ताईची, साचे माझे आणि कुरकुरही माझी. ती मला कुरकुऱ्याच म्हणायची.

त्या वर्षी ती ठोकळे मोठे करत सुटली. आधी कडा जाड केल्या, मग ठोकळे एकमेकांत अडकवणारा खटका सैल केला, मग आणखी सैल. दर वेळी नवा साचा आणि दर वेळी माझ्या डोक्याचं दही.

"हा कॉम्प्युटर आहे की विटा?"

"लहान मुलांच्या बोटांत जोर नसतो रे."

"ती पोरं बाटल्यांची झाकणं दातांनी उघडतात. कुणाला सांगतेस?"

"तुला मुलं नाहीत. तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुला तरी कुठे आहेत?"

ती हसली. पण खटका काढायचा म्हणजे काढायचाच, त्याच्या जागी चुंबक. मीही हट्टाला पेटलो. जुने, घट्ट खटक्यांचे ठोकळे पिशवीत भरले आणि शाळेत जाऊन सगळ्यात लहान वर्गापुढे ओतले. बाईंचं समजावून व्हायच्या आत पोरांनी भोंगा वाजवला. एकालाही जड गेलं नाही. मी उड्या मारतच परत आलो.

"ताई, हरलीस! पोरांना जुना खटकाच जमतोय. मग हे सगळं चाललंय कुणासाठी?"

ती चहा पीत होती. कप दोन्ही तळव्यांत दाबून धरला होता, बोटं नुसती टेकलेली. मग मला एकेक दिसायला लागलं. वेणीचा कंटाळा आला असं सांगून तिने केस कापले होते. बटणांचे कपडे घालणं सोडलं होतं. सोल्डरिंगचं काम हळूच माझ्याकडे सरकवलं होतं.

"हात दाखव," मी म्हणालो.

तिने दाखवला. अंगठ्याखालचं मांस आटून तिथे खळगा पडला होता.

"नसांचं आहे. औषध नाही. वर वर चढत जाणार," ती म्हणाली. "तू कुरकुर करशील म्हणून सांगितलं नाही."

मी कुरकुर केली नाही. मला रडू फुटलं.

पुढे तिचे हात गेले, मग चाकांची खुर्ची आली. मी एकट्याने नवा नमुना केला. ठोकळ्यांना गुळगुळीत बूड, जोरदार चुंबक, खाली उतरता ट्रे. मनगटाने ढकललं तरी ठोकळा जाऊन चिकटेल असा. शाळांना त्याची काही गरज नव्हती. ताईने पास म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

ट्रे तिच्या मांडीवर ठेवला. तिने डोळे मिटले. पडदा मनगटाने सरकवला, तो बसला. मेंदू बसला. बटणांना वेळ लागला, पण तीही बसली. उरला बॅटरीचा ठोकळा. हात त्याच्यापर्यंत गेला आणि तिथेच पडून राहिला. मी हळूच बोट पुढे केलं.

"बोट मागे घे," ती डोळे न उघडता म्हणाली.

मी घेतलं. ती बराच वेळ प्रयत्न करत राहिली. कपाळावर घाम आला.

"नापास," ती म्हणाली.

"मी उतार वाढवतो. उद्या आणतो."

"किती वाढवशील रे?"

मी ट्रेखाली बोट घालून उतार मापायला लागलो.

"शाळांना जुना खटकाच पाठव. आणि नियम मोडायचा नाही. बस खाली, मीट डोळे."

मी तिच्या पायांशी बसलो. तिच्या मांडीवरचे ठोकळे चाचपून सुटे केले आणि पुन्हा जोडले. शेवटी बॅटरी लावली. भोंगा वाजला.

"पास," ताई म्हणाली. "उघड आता डोळे."

मी बराच वेळ उघडले नाहीत.